शाळेकडे तपासणी मागायच्या आधी: अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी तयारीची यादी

मुलाला शिकण्या-बोलण्यात विशेष मदत लागेल का, याची तपासणी शाळेकडे मागायची असेल तर आधी एक वही घ्या. फोनमधल्या नोंदीही चालतात, पण वही बरी, कारण तिच्यात आजीलाही लिहिता येतं. "तो जरा मागे वाटतो" एवढ्या वाक्यावर शाळेत कोणी हलत नाही. त्यामुळे तारीख घालून, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा: "चपला काढ आणि हात धू असं सांगितलं, चपला काढल्या आणि तिथेच उभा राहिला." "वाढदिवसाला गेलो, फुगा फुटल्यावर अर्धा तास टेबलाखाली होता." "वाचायला बसवलं की पोट दुखतं, आठवड्यात चौथ्यांदा." दोन-तीन आठवड्यांच्या अशा नोंदी पुरतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजोबा "याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता" असं म्हणतील. त्यावर विसंबून थांबू नका, पण तेही वहीत उतरवा. घराण्यात कोणाला असं होतं का, हा प्रश्न पुढे फॉर्मवर येतोच.

मग मनातला संकोच काढून टाका. ही यादीतली खरी बाब आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. आपण शाळेकडे काही उपकार मागायला जात नाही. १९७५ साली अमेरिकेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. १९९० पासून तो आयडीईए या नावाने ओळखला जातो. त्यात 'चाइल्ड फाइंड' नावाची जबाबदारी आहे: मदतीची गरज असू शकेल अशी मुलं डिस्ट्रिक्टने (म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) स्वतः शोधायची. वरच्या वर्गात ढकललं जाणारं मूलही त्यात येतं, खासगी शाळेतलंही येतं. म्हणजे "मार्क तर बरे आहेत" हे उत्तर पुरेसं नाही. तपासणीला पैसे पडत नाहीत. आणि व्हिसाचा प्रश्न इथे लागू नाही. एच-फोरवरचं, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसामागून आलेलं मूलही तितकंच हक्काचं.

जबाबदारी कायद्यात आहे म्हणून ती पाळली जातेच असं मात्र समजू नका. टेक्सासने २००४ पासून डिस्ट्रिक्टांचं मोजमाप करताना विशेष शिक्षणातल्या मुलांसाठी ८.५ टक्क्यांचा आकडा, जणू कमाल मर्यादाच, समोर ठेवला होता. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने ते उघडकीला आणलं आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने राज्याने कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. मधल्या वर्षांत किती आयांना "थोडं थांबा, येईल त्याला" हेच ऐकावं लागलं असेल, याचा विचार केला की मला वहीचं महत्त्व जास्तच पटतं.

मुलाचं वय पाहून दार ठरवा. तीन वर्षांच्या आतलं असेल तर शाळेकडे नाही, राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शनकडे (अगदी लहान मुलांसाठीच्या मदत-योजनेकडे) फोन करायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट पाहावी लागत नाही, आईबाबा स्वतः नाव देऊ शकतात. तिथे नाव दिल्यापासून ४५ दिवसांत तपासणी होऊन पहिली बैठक व्हायला हवी. तीन पूर्ण झाली की जबाबदारी डिस्ट्रिक्टची, मग मूल अजून कुठल्याच शाळेत जात नसलं तरी.

आता सगळ्यांत नाजूक जागा. शाळेत नाव घालताना 'घरी कोणती भाषा बोलता' असा फॉर्म भरला होता, आठवतो? आपल्यातले बरेच जण तिथे 'इंग्रजी' लिहून मोकळे होतात. मुलाला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात टाकतील ही भीती. मीही तेच केलं होतं. त्याचा परिणाम असा की माझ्या मुलाची तपासणी करणाऱ्या बाईंना घरी मराठी चालते हे माहीतच नव्हतं, आणि 'टेबल'च्या आधी 'द' लावत नाही, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सारखेच उच्चारतो, हे सगळं दोषाच्या रकान्यात जाऊन बसलं. मराठीत इंग्रजी 'द'सारखं उपपद नाहीच, आणि आपला 'व' एकच. तो दोष नव्हे, ते मराठीपण. उलट ज्या गोष्टी खरोखर अडत होत्या त्या मराठीतही अडत होत्या: गोष्ट सांगताना आधी काय घडलं नि मग काय हे जुळवता न येणं, रोजच्या वस्तूंची नावं न आठवणं. अडचण दोन्ही भाषांत दिसली तरच ती भाषेची खरी अडचण, हे या क्षेत्रातल्या माणसांचं पहिलं सूत्र आहे. म्हणून फॉर्म दुरुस्त करून घ्या, आणि वहीत दोन्ही भाषांतली उदाहरणं लिहा. तपासणी मुलाच्या भाषेत, खरं चित्र मिळेल अशा रीतीने व्हावी असं कायदाच म्हणतो. केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अपंगत्वाचं लेबल लावता येत नाही, हेही तोच म्हणतो. आणि कोणी "घरी मराठी बंद करा" असा सल्ला दिला तर मान डोलावून घरी या नि मराठीच बोला. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही.

कागद जमवायला एक रविवार पुरतो. डॉक्टरांच्या नोंदी, कान आणि डोळे तपासल्याचे अहवाल (हे आधी करून घ्या, चष्म्याचा नंबर निघाला नि निम्मा प्रश्न सुटला अशी घरं मी पाहिली आहेत), प्रगतिपुस्तकं, टीचरच्या ईमेल, वर्गातले दोन-चार कागद. पुण्याला किंवा नाशिकला काही तपासण्या झाल्या असतील तर तेही अहवाल. इथे ते जसेच्या तसे ग्राह्य धरतीलच असं नाही, पण वाचून विचारात घ्यावे लागतात.

मग पत्र. तोंडी बोलू नका. पालक सभेत दारात उभं राहून सांगितलेलं हवेत विरतं. ईमेल करा, मुख्याध्यापक आणि डिस्ट्रिक्टचं विशेष शिक्षण कार्यालय दोघांनाही, आणि त्यात "माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी पूर्ण तपासणी करावी" हे वाक्य स्पष्ट घाला. खाली वहीतले पाच-सहा नेमके प्रसंग. ईमेलवर तारीख असते, त्यामुळे पुढचे दिवस मोजायला सोपं जातं. कॅलिफोर्नियात १५ दिवसांत तपासणीचा आराखडा हातात यायला हवा. न्यू जर्सीत २० दिवसांत बैठक. तुम्ही संमतीची सही केल्यावर केंद्रीय नियमाने ६० दिवस, किंवा राज्याची स्वतःची मुदत: टेक्सासमध्ये शाळेचे ४५ दिवस. सहीच्या कागदाची प्रत ठेवा, तारखेसकट.

"आधी काही आठवडे वर्गातच जादा मदत देऊन पाहू" असं उत्तर येण्याची शक्यता बरीच. मदत घ्या, नाही म्हणू नका. पण तिच्यासाठी तपासणी लांबवता येत नाही, असं केंद्रीय खात्याने २०११ मध्येच राज्यांना लेखी कळवलं आहे. नकारच द्यायचा असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा लागतो, तो मागा. बहुतेकदा लेखी मागितल्यावर नकाराचा होकार होतो.

तपासणीच्या दिवशी मुलाला आधी शिकवून पाठवू नका. आपल्याला ही सवय फार, स्कॉलरशिपच्या परीक्षेतून आलेली. पुरेशी झोप, चष्मा, पोटभर नाश्ता, आणि "काही बायका तुझ्याशी कोडी खेळणार आहेत" एवढं सांगणं, बस.

निकालाच्या बैठकीआधी अहवाल मागून घ्या आणि रात्री शांतपणे वाचा. कायद्यात तेरा गट आहेत. मूल त्यातल्या एखाद्यात बसलं आणि त्याला विशेष शिकवणीची गरज ठरली तर आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता लेखी शिक्षण-आराखडा, बनतो. इंग्रजी उत्तम असलं तरी घरातल्या कोणाला दुभाषी लागत असेल तर आधी कळवा, तो डिस्ट्रिक्टने द्यायचा असतो. एकट्या जाऊ नका. टेबलाच्या त्या बाजूला पाच-सहा माणसं बसलेली असतात. तिथल्या तिथे सही करायचीही गरज नाही, कागद घरी आणता येतो. तपासणी पटली नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते. 'पात्र नाही' असा निकाल आला तरी १९७३ च्या कायद्यातल्या कलम ५०४ खाली वर्गातल्या सवलती मिळू शकतात, त्याबद्दल त्याच बैठकीत विचारा.

फाइल मात्र टाकू नका. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी होते, आणि आपल्या लोकांच्या नोकऱ्या एडिसनहून डॅलसला कधी जातील सांगता येत नाही. नव्या राज्यातल्या डिस्ट्रिक्टला पहिल्या दिवशी हाच आयईपी दाखवायचा, म्हणजे तशीच मदत लगेच सुरू करणं त्यांना भाग पडतं. कायमचं पुण्यालाच परतायचं ठरलं तर तिथे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लागू, आणि तिथलं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागेल, पण डॉक्टरांपुढे ठेवायला अहवालांच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेत असू द्या, सामानात नको.