सुनीतातलं प्रेम खरं की नक्षीचं? एका बैठकीत तपासायची रीत

चार ते सहा माणसं, दीड तास, दोन रंगांच्या पेन्सिली आणि एकच सुनीत, म्हणजे सॉनेट, चौदा ओळींची कविता. जुन्या सुनीतांतलं प्रेम कितपत खरं, या प्रश्नाला एवढं सामान पुरतं. दोन सुनीतं घेतली तर दुसऱ्याची घाईत वाट लागते. पाच घेतली तर कविता बाजूला राहते आणि जो तो आपल्या कॉलेजच्या दिवसांवर येतो. बैठक सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात भरवा, सिद्धेश्वर तलावाच्या काठी भरवा, नाहीतर कुणाच्या गच्चीवर. फक्त मे महिन्यातली दुपार टाळा. त्याचं एक कारण सोलापूरकराला सांगायला नको, दुसरं पुढे येईल.

प्रत्येकाच्या हातात ए-फोर कागदावर स्वतंत्र प्रत हवी. दोन ओळींत बोटभर जागा, डावीकडे १ ते १४ आकडे, उजवीकडे चार बोटं समास. आकडे नसले की "ती सूर्यवाली ओळ", "नाही हो, त्याच्या खालची" यातच दहा मिनिटं जातात. मोबाइलच्या पडद्यावर वाचू नका, कारण चौदा ओळी एका नजरेत दिसल्याशिवाय सुनीताची बांधणी लक्षात येत नाही.

कोणतं घ्यावं

पहिल्या बैठकीला शेक्सपिअरचं १३०वं घ्या. १६०९ साली छापलेल्या त्याच्या १५४ सुनीतांपैकी हे एक. प्रियेचे डोळे सूर्यासारखे मुळीच नाहीत, अशी त्याची सुरुवात. खरंखोटं हाच कवितेचा विषय असल्यानं नवख्यालाही धरायला कड मिळते. दुसऱ्या खेपेला १३८वं, तिसऱ्या खेपेला इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगचं १४वं.

११६वं मात्र लगेच घेऊ नका. लग्नसमारंभात हौसेनं वाचलं जातं ते हेच. वादळात न हलणारी खूण, भरकटल्या गलबताचा तारा, काळाच्या विळ्याला न भिणारं प्रेम. भाषा सुंदर आहे, पण अख्ख्या कवितेत 'तू' एकदाही येत नाही, आणि 'मी' येतो तो सुरुवातीला व शेवटी पैज लावण्यापुरता. प्रेम काय असतं याची ती व्याख्या झाली. दोन माणसांतलं काही त्यात घडत नाही, त्यामुळे तपासायला हाती काही लागत नाही. शिवाय पहिली १२६ सुनीतं एका तरुण पुरुषाभोवतीची मानली जातात आणि ११६वं त्यातच आहे, हे लग्नात वाचणाऱ्यांच्या गावीही नसतं.

मराठीतून वाचणार असाल तर गद्य अर्थ घ्या, वृत्तातलं भाषांतर घेऊ नका. सुनीत मराठीत केशवसुतांनी आणलं आणि पुढे शार्दूलविक्रीडित हे त्याचं लाडकं वृत्त झालं. त्याच्या ओळीत १९ अक्षरं, म्हणजे चौदा ओळींत २६६. इंग्रजी सुनीताची ओळ साधारण दहा अक्षरांची, एकूण १४०. मराठी शब्द लांब असतात हे खरं, तरी जागा उरतेच. मग ती 'रम्य', 'मंजुळ', 'सुकोमल' अशा शब्दांनी भरली जाते. ही भर भाषांतरकाराची असते आणि तिचं बिल शेक्सपिअरच्या नावावर फाडलं जातं.

आधी शब्द, मग मत

कविता दोनदा मोठ्यानं वाचा, दोन वेगळ्या माणसांनी. नंतरची वीस मिनिटं फक्त शब्दांना द्या आणि तोवर कुणालाही मत देऊ देऊ नका. १३०मध्ये चार शब्द घोटाळा करतात. 'मिस्ट्रेस' म्हणजे इथे प्रिया, जिच्यावर मन जडलं आहे ती. आजचा 'ठेवलेली बाई' हा अर्थ घेतला की चर्चा थेट नीती-अनीतीवर घसरते. 'रीक्स' या शब्दाला आज दुर्गंधी चिकटली आहे. त्या काळी वाफ किंवा वास बाहेर पडणं असाही अर्थ होता. सुगंध तो नव्हेच, पण शिवीही नव्हे. 'डन' म्हणजे मातकट, करडा-तपकिरी. आणि 'वायर्स' वाचून काटेरी तार डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हाचे कवी केसांना सोन्याच्या तारांची उपमा देत. जरीची तार माहीत असलेल्या गावाला ही उपमा समजावून सांगायला नको. केस तारा असतील तर हिच्या डोक्यावर काळ्या तारा आहेत, असं कवी म्हणतो तेव्हा टोला त्या उपमेला असतो, बाईला नसतो.

मे महिन्याचं दुसरं कारण आता. १८व्या सुनीतात कवी विचारतो, तुला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा देऊ का? पारा चाळिशीच्या वर असताना सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभ्या माणसाला हे विचारून पाहा. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे वर्षातला सुखाचा काळ, तिथल्या मे महिन्यात कळ्या येतात. समासात 'उन्हाळा = आपला श्रावण किंवा शरद' असं लिहून ठेवा. असं हवामान आणि असे रिवाज न बदलता वाचलं की कविता उगाच खोटी वाटते, आणि दोष तिचा नसतो.

तीन खुणा

आता पेन्सिली. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहायचं. 'न' म्हणजे नक्षी: ठरलेली, सगळे वापरतात ती उपमा. 'प' म्हणजे पाहिलेलं: याच माणसाला याच माणसात दिसलेली गोष्ट. 'म' म्हणजे प्रेम करणाऱ्याच्या मनाची अवस्था. एका रंगानं 'न', दुसऱ्यानं 'प' आणि 'म'. ओळ दोन्हीत बसत असेल तर दोन्ही अक्षरं लिहा, पण ओळ कोरी सोडू नका.

नक्षी ओळखण्याचा सराव आधी घरच्या मालावर करा. चंद्रासारखं मुख, चाफेकळी नाक, हरिणीचे डोळे, डाळिंबाच्या दाण्यांसारखे दात. सांगोल्याचं लालभडक डाळिंब फोडून बघणारा माणूस ही शेवटची उपमा कधी तपासत नाही. तपासली असती तर दंतवैद्य गाठला असता. बैठकीत तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरातलं कुणी असेल, आणि सोलापुरात असतंच, तर त्यांच्याकडच्या अशा उपमा विचारून घ्या. दहा मिनिटांत फळ्यावर वीसेक जमतात. चादरीवरचा मोर मोराकडे बघून विणलेला नसतो, जेकार्ड मागाला नक्षीची कार्डं लावली की तो उठतो. 'न'चा अर्थ एवढाच. त्यात लबाडी शोधू नका.

१३०वर खुणा केल्या की गंमत दिसते. पहिल्या बारा ओळींत नक्षीच नक्षी आहे, फक्त उलटी: सूर्य, पोवळं, बर्फ, गुलाब, अत्तर, संगीत, देवी. दहावीच्या व्याकरणातला व्यतिरेक आठवा, उपमेय उपमानापेक्षा सरस. १८वं सुनीत सरळ व्यतिरेक आहे: तू त्या दिवसापेक्षाही सुंदर. १३०मध्ये त्याच्या नेमकं उलट, उपमान वरचढ आणि उपमेय उणं. मग 'प' किती उरतात? काळे केस, मातकट कांती, चालताना जमिनीवर पडणारी पावलं. डोळे सूर्यासारखे नाहीत हे कळलं, पण कसे आहेत हे कवितेत नाही. म्हणजे "१३० हे वास्तव चित्र आहे" हे नेहमीचं उत्तरही कच्चंच. ते चित्र कमी आणि इतर कवींवरची टीका जास्त आहे.

नववी ओळ मात्र जपून वाचा. तिचं बोलणं ऐकायला मला आवडतं, असं तिथे येतं. शेवटच्या दोन ओळींच्या आधी प्रेमाचा उच्चार फक्त इथेच आहे. इथे 'म' पडतो. बैठकीत कुणी विचारेल, की ती बोलते काय? चौदा ओळींत तिचा एक शब्द नाही. हा प्रश्न आपणहून आला नाही तर तुम्ही विचारा.

कलाटणी कुठे आहे

चौदाव्या शतकातला इटालियन कवी पेट्रार्क, त्याच्या घाटात आठ आणि सहा ओळी, यमकं कखखक कखखक आणि पुढे निराळी. कलाटणी, म्हणजे कवितेचा विचार वळतो ती जागा, नवव्या ओळीशी. शेक्सपिअरच्या घाटात चार-चारचे तीन गट आणि दोन ओळी, यमकं कखकख गघगघ चछचछ जज. तिथे बरेचदा तेराव्या ओळीवर. इटालियनमध्ये यमकं मुबलक, इंग्रजीत कमी, म्हणून घाट सैल करावा लागला. कलाटणीवर आडवी रेघ मारा आणि रेघेवरच्या व रेघेखालच्या खुणा मोजा. 'म' बहुधा रेघेखाली गोळा होतात. फक्त वरची कडवी वाचून मत देणाऱ्याला सगळी सुनीतं खोटी वाटतात ती यामुळे.

आमचं मत असं की सुनीत प्रेयसीबद्दल बेभरवशाचं असतं आणि प्रेम करणाऱ्याबद्दल बऱ्यापैकी प्रामाणिक. याला सगळ्यात चांगला पुरावा १३८वं. ती खरं बोलत असल्याची शपथ घेते, ती खोटं बोलते हे त्याला ठाऊक आहे, तरी तो मानतो. का, तर तिनं आपल्याला कोवळा समजावं म्हणून. आपलं वय उलटलंय हे तिला माहीत आहे, हेही त्याला माहीत आहे. शेवटी 'लाय' या शब्दावर श्लेष, खोटं बोलणं आणि सोबत निजणं. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हे समजावं लागत नाही. इथेही एक खबरदारी घ्या. हे सुनीत १५९९ साली पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा १५६४ साली जन्मलेला शेक्सपिअर पस्तिशीचा होता. तेव्हा 'उतारवयातला प्रियकर' हीसुद्धा काही अंशी नक्षीच.

चरित्राची भेसळ

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पेट्रार्क लिहितो की त्याची प्रिया लॉरा त्याला ६ एप्रिल १३२७ रोजी दिसली. दुसऱ्या एका सुनीतात तो दिवस येशूच्या मृत्यूचा, म्हणजे गुड फ्रायडेचा, म्हणतो. त्या वर्षी गुड फ्रायडे १० एप्रिलला होता, ६ तारखेला सोमवार होता. म्हणजे दिवस अर्थासाठी जुळवून घेतलेला. त्याला दोन मुलं होती, पण ती ज्या नात्यातून झाली त्याला लॉरावरच्या ३६६ कवितांच्या संग्रहात जागा नाही. यावरून "सगळं थोतांड" असा निकाल देऊ नका. त्याच संग्रहातलं ९०वं सुनीत तिचे सोनेरी केस वाऱ्यावर विखुरले 'होते' असं भूतकाळात सांगतं. डोळ्यांतलं तेज आता ओसरलं आहे हे कबूल करतं, आणि धनुष्य सैल झालं म्हणून जखम भरत नाही असं म्हणून थांबतं. तारीख जुळवलेली, पण जखमेची ओळ खरी वाटते.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता पडतात तेव्हा कुंभारकन्येचा विवाह सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागतो. तो सोहळा पाहायला लोटलेल्या गर्दीतलं कुणी त्याला घरातल्या संसाराचं वर्णन समजत नाही, आणि कुणी खोटंही म्हणत नाही. पेट्रार्क वाचताना हीच नजर ठेवा.

एलिझाबेथच्या बाबतीत भेसळ उलट्या बाजूनं होते. १८४५च्या जानेवारीत कवी रॉबर्ट ब्राउनिंगचं पहिलं पत्र आलं, १८४६च्या सप्टेंबरात गुपचूप लग्न झालं, १८५० साली तिची सुनीतं छापली गेली, तीही पोर्तुगीजमधून भाषांतर केल्यासारखं नाव देऊन. ही कहाणी इतकी गोड की लोक कविता न वाचताच "खरं प्रेम" म्हणून मोकळे होतात. १४वं उघडा. माझं हसणं, बघणं, हळू बोलणं, तुझ्याशी जुळणारा एखादा विचार, यांसाठी माझ्यावर प्रेम करू नकोस, ती म्हणते, कारण या गोष्टी बदलतात. दयेपोटीही नको: तुझ्या आधारानं मी रडणंच विसरले, तर त्यासोबत तुझं प्रेमही जाईल. वर्षानुवर्षं आजारी असलेल्या बाईचा हा हिशेब आहे. खुणा करून पाहा, 'न' शोधावा लागतो. त्याच लेखणीतून उतरलेलं ४३वं, कसं कसं प्रेम करते ते मोजून सांगणारं, जास्त गाजलं. आमच्या मते तपासणीत ते १४व्याच्या बरंच मागे पडतं.

उत्तर लिहायचं असेल तर

हाच प्रश्न परीक्षेत आला तर पेपरात 'वास्तव आहे' किंवा 'नाही' असं वाक्य पहिल्या ओळीत लिहू नका. आधी कुणाबद्दल वास्तव, ते लिहा: जिच्यावर प्रेम आहे तिच्याबद्दल, की करणाऱ्याबद्दल. मग एकच सुनीत, तीन ओळींचे आकडे, प्रत्येकीची खूण आणि कारण. कलाटणीचा उल्लेख हवाच. चरित्र दोन वाक्यांत आटपा. सहा कवींची नावं घेऊन एकही ओळ न तपासलेलं उत्तर लांब दिसतं, पण परीक्षकाला त्यात गुण द्यायला जागा सापडत नाही.

बैठक पुन्हा भरली तर सोलापूरच्याच शाहीर रामजोशींची नखशिखान्त वर्णनाची एखादी लावणी याच पद्धतीनं घ्या, त्याच खुणा, तोच कागद. 'न' भराभर पडतील. शेजारी एखादी विरहाची लावणी ठेवा, जिथे बाई स्वतः बोलते, जरी लिहिणारा पुरुष असला तरी. १३०मध्ये जिचा शब्द ऐकू आला नाही, तिची जागा इथे कशी भरली आहे ते ओळींचे आकडे घालून मांडा. त्यासाठी दीड तास कमी पडेल, दोन धरा.