परदेशात फिरायला जाताना पैसे दाखवायची तयारी घरूनच करा

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण आणि मेहुणे बँकॉकला गेले होते. सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत दोघं एकत्र उभे होते, पण पुढे जाता जाता वेगवेगळ्या खिडक्यांवर गेले. बहिणीच्या खिडकीवरच्या बाईंनी पासपोर्ट चाळला, हॉटेलचा कागद पाहिला आणि एकच शब्द विचारला, "मनी?" बहिणीच्या पर्समध्ये परतीच्या रिक्षासाठी ठेवलेले तीनशे रुपये होते आणि एक डेबिट कार्ड. सगळे बाट, म्हणजे थायलंडचे पैसे, मेहुण्यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये, आणि मेहुणे शिक्का घेऊन केव्हाच पलीकडे गेलेले. तिने बँकेचं ॲप उघडलं, तर ओटीपी येईना, कारण फोनवर रोमिंग नव्हतं. तिला बाजूच्या बाकावर बसवलं. मेहुण्यांना शोधून आणलं, त्यांनी पैसे दाखवले, तेव्हा ती सुटली. "ताई, हातपाय गार पडले होते गं," असं ती अजून सांगते.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. बत्तीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ परकीय चलनाच्या टेबलावर, आणि सख्ख्या बहिणीला एवढी गोष्ट सांगायची राहून गेली. तेव्हापासून ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीतून कोणीही बाहेर निघालं की मी त्यांना आधी चहाला बोलावते आणि पर्स उघडायला लावते.

मूळ मुद्दा साधा आहे. व्हिसा असो वा नसो, आत घ्यायचं की नाही हे शेवटी खिडकीवरचा अधिकारी ठरवतो. इथे राहायला, खायला आणि परत जायला तुमच्याकडे पुरेसे पैसे आहेत का, हे तो विचारू शकतो. दहातल्या नऊ जणांना विचारतही नसतील, पण तुम्हाला विचारलं तर उत्तर तुमच्याच हातात हवं. नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा टूरवाल्याच्या हातात असून उपयोग नाही.

किती दाखवायचे, हे प्रत्येक देशाचं वेगळं आहे. थायलंडच्या लेखी नियमात व्हिसाशिवाय येणाऱ्या पर्यटकाला माणशी २०,००० बाट आणि कुटुंबाला ४०,००० असा आकडा आहे. विमानतळावर व्हिसा घेणाऱ्यांसाठी तो माणशी १०,००० आणि कुटुंबाला २०,००० असा आहे. फ्रान्सचा हिशोब रोजचा: हॉटेलचं बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०. म्हणजे हॉटेल ठरलेल्या जोडप्याला दहा दिवसांसाठी १,३०० युरो दाखवता आले पाहिजेत. शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा मिळाला म्हणजे काम संपलं असं समजू नका, तिथे उतरल्यावरही हेच विचारू शकतात. आकडे बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः उघडून वाचा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या यादीवर विसंबू नका.

आता पैसे कसे न्यायचे ते बघू. थोडी रोकड, बाकीचे फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड), आणि मागे आधाराला बँकेचं स्टेटमेंट, असं मी सांगते. आपल्याकडच्या नियमाने बहुतेक देशांसाठी माणशी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्याच नोटा मिळतात, उरलेले कार्डावर घ्यावे लागतात. चलन घेताना पासपोर्ट, तिकीट आणि पॅन कार्ड लागतं. रुपये ५०,००० किंवा त्याहून जास्त होत असतील तर रोख चालत नाही, चेकने किंवा खात्यातून द्या. पावती मागून घ्या, आणि ती ज्याच्या त्याच्या नावाची हवी. हे मी ठासून सांगते, कारण हातोहात मिळणाऱ्या बऱ्याच फॉरेक्स कार्डांवर नावच छापलेलं नसतं. तेव्हा त्या कार्डात किती पैसे आहेत आणि ते कोणाचे आहेत, हे सांगणारा कागद म्हणजे ती पावती.

नोटा घेताना चलन बदलणाऱ्याच्या दुकानातच एकेक उलगडून बघा. पेनाने आकडा लिहिलेली, कोपरा फाटलेली डॉलरची नोट तिथे घेत नाहीत. घरचं डेबिट कार्ड नेणार असाल तर परदेशातला वापर आधी सुरू करून घ्या. २०२० पासून नवीन कार्डं फक्त भारतात चालतील अशीच येतात. आणि ओटीपीसाठी रोमिंग इथूनच चालू करा.

आता बायकांसाठी दोन शब्द, कारण अडतं ते इथेच. आपल्या घरांत पैसा बहुतेक नवऱ्याच्या खात्यात असतो. बायकोचं खातं असलंच तर पासबुकावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. महिनाभर आधी बँकेत जाऊन खात्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. खातं जोडीचं असेल तर स्टेटमेंटवर दोघांची नावं छापून मागा. सहकारी बँकेचं मराठी पासबुक नेऊ नका. लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्याचं तीन ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या. फॉरेक्स कार्डही दोघांनी वेगवेगळं घ्या.

व्हिसाच्या अर्जाआधी शेजाऱ्याकडून दोन लाख आणून खात्यात टाकायचे आणि नंतर परत करायचे, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. दर महिन्याला पेन्शन येते, त्यातून लाइटबिल, किराणा जातो, असं साधं खातं अधिकाऱ्याला जास्त पटतं. मध्येच उगवलेला मोठा आकडा लगेच डोळ्यात भरतो. एफडी मोडायची गरज नाही, तिचं प्रमाणपत्र जोडा.

मुलगा परदेशातून खर्च करणार असेल तर त्याचं सहीचं पत्र, त्याच्या खात्याचं स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा जन्मदाखला घ्या. तरीही चार दिवस पुरतील एवढे पैसे स्वतःजवळ ठेवा.

परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, पावती, स्टेटमेंट, विमा हे सगळं एका पारदर्शक फाइलमध्ये घाला. प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि ती हातातल्या बॅगेत. मोठी बॅग तुम्ही खिडकी ओलांडेपर्यंत पट्ट्यावर फिरत असते. विचारलं तर विचारलं तेवढंच सांगा: किती दिवस, कुठे उतरणार, किती पैसे. नोटा मोजायला सांगितल्या तर शांतपणे मोजा.

माझ्या बहिणीने पुढच्या वेळी निघताना आमच्या जेवणाच्या टेबलावर हजाराच्या बाटांच्या दोन गड्ड्या केल्या, वीस-वीस नोटांच्या. एक मेहुण्यांसमोर सरकवली, दुसरी स्वतःच्या पर्समध्ये ठेवून चेन लावली.

परत आल्यावर उरलेल्या नोटांतले २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. त्यावरचे १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा चलन बदलणाऱ्याकडे मोडून टाका.