संस्थेच्या वेबसाइटवर फुकटचं कॅलेंडर लावताय? या चुका टाळा

मंडळ असो, वाचनालय असो की सोसायटी, वेबसाइट झाली की मागणी ठरलेली: "एक कॅलेंडर टाका, फुकटवालं, सगळ्यांना दिसेल असं." गूगल कॅलेंडर त्याला पुरून उरतं. तरी लोक आधी ढीगभर प्लगइन (वेबसाइटला जोडायचे छोटे प्रोग्राम) चाळतात आणि जिथे दोन मिनिटं थांबून वाचायचं, तिथे घाई करतात.

सगळ्यात महागात पडणारी घाई म्हणजे स्वतःचं रोजचं कॅलेंडरच पब्लिक करणं. एका वाचनालयाच्या सचिवांनी हेच केलं. 'मेक अव्हेलेबल टू पब्लिक'वर खूण केली, इशारा आला तो न वाचताच ओके केला आणि पानावर कॅलेंडर दाखवायला गूगल देतं तो कोड वेबसाइटवर चिकटवला. शनिवारच्या व्याख्यानाच्या आगेमागे सभासदांना दिसलं ते असं: 'रूट कॅनाल, दुसरी बैठक', 'गाडीचा हप्ता', आणि एका सभासदाच्या नावासकट 'वर्गणी थकली, खडसावणे'. वेबसाइट कुणी बघत नाही म्हणतात, पण ज्याचं नाव असतं तो नेमका बघतो. पुढच्या वार्षिक सभेत पहिला विषय तोच निघाला. शिवाय असं कॅलेंडर तुमच्या पानापुरतं राहत नाही, गूगलच्या शोधातही येऊ शकतं.

म्हणून कंप्युटरवर बसा, 'अदर कॅलेंडर्स'शेजारच्या अधिकच्या चिन्हातून नवं कॅलेंडर काढा आणि तेवढंच पब्लिक करा. मी तर ते संस्थेच्या नावाने काढलेल्या वेगळ्या जीमेल खात्यावरच करतो. सचिव बदलले की त्यांच्या खाजगी पासवर्डमागे पळत बसायला मला आवडत नाही.

आता किरकोळ. पब्लिक करताना फक्त मोकळी-भरलेली वेळ दाखवणारा 'फ्री/बिझी' पर्याय राहिला असेल तर कार्यक्रमाच्या जागी नुसतं 'बिझी' दिसतं. वर्डप्रेसमध्ये कोड 'कस्टम एचटीएमएल' ब्लॉकमध्येच टाका. मोबाइलवर महिन्याचे चौकोन वाचता येत नाहीत, यादीसारखं दिसणारं 'अजेंडा' निवडा. आणि झालं म्हणण्याआधी पान इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडा. स्वतःच्या लॉगिनमधून सगळ्यांनाच सगळं छान दिसतं.

बदल करायचा हक्क "सगळे आपलेच" म्हणून वाटू नका. दर रविवारच्या योगवर्गातला एक रविवार रद्द करायला जाऊन कुणीतरी 'धिस इव्हेंट'ऐवजी 'ऑल इव्हेंट्स' दाबतंच. पुसलेल्या नोंदी बिनमध्ये (कचरापेटीत) साधारण तीस दिवस राहतात, तेवढ्यात लक्षात आलं तर नशीब. माझ्याकडे हक्क दोघांनाच. बाकीच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवावं, टाकणारा टाकेल.

आणि माझी खास डोकेदुखी: सणांना 'दरवर्षी' लावून मोकळं होणं. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. पहिल्या वर्षी 'अ‍ॅन्युअली' लावून ठेवणाऱ्या मंडळाच्या वेबसाइटवर दुसऱ्या वर्षी प्राणप्रतिष्ठा विसर्जनानंतर दिसते, आणि देणगीदार फोन करून विचारतात, यंदा उशिरा का? तिथी आपोआप सरकवणारं 'रिपीट' गूगल कॅलेंडरमध्ये नाही. १९ फेब्रुवारीची शिवजयंती बिनधास्त वार्षिक लावा, फाल्गुन वद्य तृतीयेची मात्र नको. नव्या वर्षाचं कालनिर्णय घरात आलं की मी एका बैठकीत वर्षभराच्या तिथी हाताने टाकतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला आडवाट नाही. संकष्टीच्या नोंदीत चंद्रोदयाची वेळ देणार असाल तर गावाचं नावही लिहा. मुंबईची वेळ नागपुरात चालत नाही.