धनगरवाड्यावरचं मतदान वाढवायचं तर

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणातल्या धनगरवाड्यांवर मतदान कमी झालं की 'लोकांना पडलेलीच नाही' असं म्हणून मोकळं होऊ नये. आधी मतदारयादी पाहा. त्या भागाची यादी छापून घ्या, वाड्यावर बसून मोठ्याने वाचा. कोण सुटलं, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, तिथल्या तिथे पेन्सिलीने टिपा.

नवं नाव फॉर्म ६ ने लागतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर फॉर्म ८ भरा, नाहीतर ते दोन ठिकाणी लागतं.

खरं घोडं अडतं पत्त्यावर. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत, घरनंबर नाही, वीजबिल दुसऱ्याच्या नावावर. चालू पत्त्याचं आधार कार्ड किंवा बँक पासबुक चालतं. काहीच नसेल तर बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, जागेवर येऊन खात्री करायची असते. 'कागद नाही' म्हणून अर्ज परत घेऊ नका. हा हक्क आहे, तो मागून घ्या. अडलं तर १९५० या मतदार मदतक्रमांकावर फोन करा.

कुणाचं नाव काढावं म्हणून फॉर्म ७ भरून आक्षेप आला की नोटीस निघते, पण ती वाड्यावर पोचेलच असं नाही. म्हणून यादी पुन्हा पुन्हा तपासा.

मतदानाला नुसती मतदार चिठ्ठी पुरत नाही, ओळखपत्र लागतं. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठीचा फॉर्म १२डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत द्या. उमेदवाराच्या गाडीत मात्र बसू नका.