पिकअपचं स्टिअरिंग ऑइल नेमकं कुठून गळतंय?

टाकीतलं ऑइल दर आठवड्याला कमी होतंय, खाली सगळंच चिकट, आणि गॅरेजवाला थेट पंप बदलायला सांगतोय. थांबा, आधी गळती शोधा. लागतं फक्त डिग्रीझर, म्हणजे तेलकट मळ काढणारं द्रव, आणि अंगाला लावायची पावडर.

१. इंजिन गार असताना स्टिअरिंगचा पंप, पाइप आणि रॅक (चाकं वळवणारा आडवा भाग) डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडे करा. इथे कंटाळा केलात तर पुढचं सगळं वाया.

२. जोड, क्लिपा आणि पाइपांवर पावडर भुरभुरवा. बेल्टवर नको.

३. इंजिन चालू करून दुसऱ्या कोणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवायला सांगा. टोकाला दाबून धरायचं नाही, पंपावर ताण येतो.

४. इंजिन बंद करून टॉर्च मारा. पावडर जिथे ओली, तिथे गळती. ओल अनेक ठिकाणी दिसली तर सगळ्यात वरची जागा धरा. ऑइल ओघळत खालीच येतं.

परतीच्या, म्हणजे ऑइल टाकीत परत नेणाऱ्या, रबरी पाइपाची क्लिप सैल असेल तर काम स्वस्तात होतं. पाइप टोकाला चिरला असेल तर नवाच टाका. पंपाच्या पुलीमागे ओल म्हणजे सील गेलं. रॅकच्या टोकांचे रबरी बूटही (आवरणं) दाबून बघा, आत ऑइल साचलेलं लागलं तर रॅकचं सील गेलंय.

इंजिन चालू असताना प्रेशर पाइपाला (पंपातून दाबाने ऑइल नेणाऱ्या) हात लावू नका. बारीक छिद्रातली धार कातडीत घुसते.