दिवसाला एक विमान

नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालं आणि ऐरोली-उलव्यातली पोरं विचारू लागली, "ताई, तिकडे नोकरीला कसं लागायचं?" मी कळव्याची. पण माझी पहिली नोकरी राज्यातल्याच एका आडबाजूच्या लहान विमानतळावर होती. दिवसाला एकच विमान, पंख्याचं छोटं एटीआर-72. आई म्हणाली, "मग दिवसभर करणार काय?"

मोठ्या विमानतळावर चेक-इनवाला चेक-इनच करतो. आम्ही तिथे चौघंच. काउंटरवर बोर्डिंग पास द्यायचा, धावत जाऊन गेटवर तोच तपासायचा, मग चमकतं जॅकेट चढवून विमानापाशी. लोड-ट्रिम शीट, म्हणजे विमानात वजन कुठे किती आहे आणि तोल नीट आहे का याचा कागद, मी तिथेच शिकले. एटीआरमध्ये प्रवासी शेपटीकडच्या दाराने चढतात. मागे गर्दी झाली तर नाक वर उचललं जाऊ नये म्हणून शेपटीखाली टेकू लावतात. शिवाय या विमानाला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज देणारं वेगळं छोटं इंजिन, नसतो. जमिनीवर वीज हवी म्हणून उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याचा पंखा ब्रेकने अडवतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात. पंखा थांबलेला दिसला म्हणजे इंजिन बंद आहे असं समजू नका!

प्रवासी बरेचसे पहिल्यांदाच उडणारे. एका आजींच्या बॅगेत लेकीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. खोबरं तेलकट, पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. आजी म्हणाल्या, "मग तुम्हीच खा." हे पटवताना नियम पाठ असून भागत नाही.

खरी परीक्षा धुक्याची. आमच्याकडे उपकरणांच्या आधाराने उतरायची सोय नव्हती. दृश्यमानता 5000 मीटरच्या खाली गेली की विमान यायचं नाही, आणि पुढचं थेट उद्या. परळला केमोची तारीख असलेले काका समोर उभे असताना "ऑपरेशनल कारण" म्हणायची मला लाज वाटायची. धुकं आहे, आज विमान येणार नाही, असं सरळ सांगायचे. काउंटरखाली मी एसटीचं वेळापत्रक चिकटवून ठेवलं होतं. घोषणेपेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला.

कागदपत्रांचं थोडक्यात. विमानतळाचा पास पोलीस पडताळणीशिवाय मिळत नाही. आधारवरचा पत्ता जुना असेल तर आजच बदला. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

आणि लहान विमानतळाची दुसरी बाजूही ऐका. लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत मार्गाला अनुदान साधारण 3 वर्षांचं असतं. ते संपल्यावर आमचं विमान बंद झालं आणि मी बॅग भरून कळव्याला परतले. तेव्हा अनुभवपत्र वेळच्या वेळी मागून ठेवा. धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र 24 महिनेच चालतं, त्याची तारीख बघा. माझं मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात संपलं होतं.