डाळिंबाच्या सालीने कापड रंगवताय? या चुका टाळा

सुती कापडावर डाळिंबाच्या सालीचा रंग चढवताना तक्रारी बहुधा तीनच येतात. चट्टे पडतात, दोन-तीन धुण्यांत रंग उतरतो, नाहीतर पिवळा हवा असताना मळकट हिरवा येतो. दोष सालीला दिला जातो, पण कापड बहुतेक वेळा रंगाच्या टोपात जाण्याआधीच बिघडलेलं असतं. खालची सगळी मापं १ किलो कोरड्या कापडासाठी आहेत. वजन भिजवण्याआधीच करा.

चट्टे का पडतात

नव्या कापडावर खळ असते आणि कापसाला स्वतःचं मेणही असतं. गार पाण्यात बुचकळून दोन्ही निघत नाहीत. २० लिटर पाण्यात ३० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून कापड तासभर उकळा. पाणी पिवळट-तपकिरी होतं, आणि हे कोरं म्हणून आणलेलं कापड! खंगाळून वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब सोडा. लगेच जिरला तर कापड तयार. वर तसाच उभा राहिला तर पुन्हा उकळा.

टोप लहान असला तरी चट्टे पडतात. किलोभर कापडाला किमान २० लिटर पाणी हवं. कोरडं कापड सालीच्या अर्कात टाकू नका, ओलं करून सोडा आणि पहिली १५ मिनिटं ढवळत राहा. घडीच्या रेषा याच वेळात उठतात.

रंग का उतरतो

तुरटी एकटी कापसावर नीट बसत नाही, खंगाळताना बरीचशी निघून जाते. म्हणून आधी हिरडा: त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, तुरटीला कापसावर धरून ठेवतं. मोठा हिरडा बी काढून कुटा; महाग बाळहिरड्याची गरज नाही. १५० ते २०० ग्रॅम पूड रात्रभर भिजवून गाळा, कापड त्यात तासभर ठेवा, पिळा आणि न धुता सावलीत वाळवा. मग तितकीच तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून कोमट पाण्यात मिसळा, कापड त्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी हलकं खंगाळा.

सालीतही टॅनिन असतं, मग हिरडा कशाला? कारण सालीचं टॅनिन तुरटीनंतर येतं, आणि तोवर तुरटी वाहून गेलेली असते.

वेळ वाचवायला तुरटी थेट रंगात टाकली की तुरटी आणि रंग कापडाऐवजी पाण्यातच एकमेकांना चिकटतात. तळाशी गाळ बसतो आणि कापडावरचा रंग घासला की हाताला लागतो.

आता अर्क. ४०० ग्रॅम वाळलेली साल रात्रभर भिजवा, तासभर मंद उकळा, मलमलीतून गाळा. कापड ७० ते ८० अंशांवर तासभर ठेवून त्याच पाण्यात गार होऊ द्या. तयार कपडा रंगवत असाल तर शिलाई आधी पाहा: पॉलिस्टरचा धागा पांढराच राहतो.

हिरवट, काळपट छटा

इथे लोखंड आलं: गंजका टोप, बोअरचं लोहयुक्त पाणी, किंवा हिराकशीत (लोखंडाच्या क्षारात) बुडवलेला दांडा. टोप स्टेनलेस स्टीलचा घ्या. राखाडी मुद्दाम हवा असेल तर १० ते २० ग्रॅम हिराकस, वेगळी बादली, गार पाणी, ५ ते १० मिनिटं आणि मग भरपूर खंगाळणं. जास्त हिराकशीने धागा कुजतो, कापड घडीवर फाटतं. अशा राखाडीवर लिंबाचा थेंब पडला तरी फिकट ठिपका उठतो.

कापडावर ‘जंतुरोधक’ लिहिण्याआधी

सालीतली टॅनिनं जिवाणूंची वाढ रोखू शकतात, हे खरं. पण गाळलेला अर्क उन्हाळ्यात दोन-तीन दिवस तसाच ठेवला तर त्यावरच बुरशी धरते. तेव्हा दावा जपून करा. कापड जिवाणू किती रोखतं हे मोजणारी आयएसओ २०७४३ किंवा एएटीसीसी १०० ही प्रमाणित चाचणी करून घ्या, आणि तीन तुकडे द्या: कोरा, फक्त हिरडा-तुरटी लावलेला आणि पूर्ण रंगवलेला. नाहीतर गुण सालीचा की आधीच्या लेपाचा, हे कळत नाही. तेच तुकडे १० धुण्यांनंतर पुन्हा तपासा. मोरचूद (तांब्याचा क्षार) वापरून चाचणीतला आकडा वाढतो, पण तो गुण तांब्याचा असतो, आणि ते सांडपाणी नाल्यातल्या माशांना विषारी ठरतं. जखमेवरच्या पट्टीसाठी असं घरी रंगवलेलं कापड वापरूच नका.